नैना वर बघते

शैलेंद्र ब्रेकचा इंजिनियर. अमेरिकेत ट्रॉयमधल्या एका कंपनीत सोळा वर्षं गाड्या कशा थांबवायच्या यावर डोकं चालवतोय, पण स्वतःला कसं थांबवायचं हे बाबाजीला कुणी शिकवलेलं नाही. मूळचा नागपूरचा. बर्फ पाहिलेला तो फ्रिजमध्ये नाहीतर गोळेवाल्याकडे. आता मात्र आइस हॉकीचा विषय काढून बघा, समोरचा जांभया द्यायला लागला तरी हा थांबायचा नाही. कारण एकच, मुलगी. सोळा वर्षांची नैना, सेंटर.

सेंटर म्हणजे मधली. बर्फावर गोलकीपर सोडून पाच जणी; दोघी मागे राखणीला, दोघी कडांना, मध्ये ही. खेळ थांबला की पुन्हा सुरू होतो फेसऑफने. दोन्हीकडच्या सेंटर समोरासमोर वाकतात, रेफरी मध्ये पक, म्हणजे रबराची चकती, टाकतो, आणि झटापट. पुढे खेळणाऱ्या तिघी-तिघींच्या तीन लाइनी आळीपाळीने उतरतात. पहिली लाइन भिडते ती समोरच्यांच्या सगळ्यात तगड्या पोरींना.

आपल्या टीमची पहिल्या लाइनची सेंटर ब्रूक महिन्यापूर्वी घरच्यांबरोबर मिनेसोटाला गेली. जागा मोकळी, दावेदार दोघी, नैना आणि केलिन. कोच लिंडस्ट्रॉम बाईंनी सरळ सांगून टाकलं होतं की रविवारची मॅच झाली की ठरवते. पुढच्या आठवड्यात स्टेट टूर्नामेंट, तिथे कॉलेजांची माणसं येतात, आणि ती बघतात पहिली लाइन. नैनाने तीन आठवडे घरात या विषयावर एक अक्षर काढलं नव्हतं. म्हणजे पोरीला ते किती हवं होतं बघा.

तर रविवारी दुपारी शैलेंद्र नेहमीच्या जागी बसला. तिसरी रांग, कोपरा, डोक्यात भगवी कानटोपी. टोपीचीही एक गोष्ट आहे. नैना सात वर्षांची असताना बर्फावर उतरायला घाबरायची, रडायची. तेव्हा हा म्हणाला होता, "वर बघ. टोपी दिसली की समज बाबा आहे." पोर वर बघायची, टोपी दिसायची, रडं थांबायचं. मग टोपीबरोबर हात आला. एक हात वर म्हणजे मार. दोन हात म्हणजे पास दे. छाती पुढे घेतली म्हणजे घुस. त्यावर मराठीत आरडाओरडा वेगळाच. "अगं मागे बघ! सोडू नकोस! घाल आत!" समोरच्या टीमला काय डोंबल कळणार? शैलेंद्रला वाटायचं, आपण पोरीला बारावीच्या पेपरातला प्रश्न आधीच फोडून देतोय.

तीनपैकी दुसरा भाग संपला तेव्हा आपली टीम दोन-एकने पुढे होती. शैलेंद्र कॉफी घ्यायला काउंटरवर गेला, तर कोचबाई समोर उभ्या. त्या इंग्रजीतच बोलल्या, पण फार हळू, समोरच्याला लागू नये अशा बेताने.

"तुमच्या मुलीचे हात चांगले आहेत. पाय तर त्याहून चांगले. पण पहिल्या लाइनची सेंटर फेसऑफच्या आधी काय करते, माहितीये? आपल्या चौघींकडे बघते. कोण थकलीये, कोण चुकीच्या जागी उभी आहे, ते बघून त्यांना हलवते. मग वाकते. नैना वर बघते. दर वेळेला. तुमच्याकडे."

"ती नुसतं..."

"मी मोजलंय," बाई म्हणाल्या, आणि लॉकर रूमकडे निघून गेल्या.

शैलेंद्र तणतणत जागेवर आला. "ऐकलंस का? म्हणे माझ्याकडे बघते! बापाकडे नाही बघणार तर काय स्कोअरबोर्डकडे बघणार?"

शेजारी बसलेल्या बायकोने, सीमाने, पॉपकॉर्न खाता खाता त्याच्याकडे पाहिलंही नाही. "बरोबर बोलल्या त्या."

"तू पण?"

"तीन वर्षं बघतेय मी. तुला सांगायची सोय असते का?"

तिसरा भाग सुरू झाला. शैलेंद्रने दोन्ही हात जॅकेटच्या खिशात कोंबले आणि जीभ दातांत धरली. फेसऑफ आपल्याच गोलजवळ. आणि त्याने पहिल्यांदा नीट पाहिलं. नैना रिंगणात आली, वाकण्याआधी मान वर केली, भगवी टोपी शोधली, टोपीखाली हात शोधले. हात नाहीत. ती थांबली. अर्धा सेकंद असेल, जास्त नाही. तेवढ्यात पक पडला, समोरचीने ओढला, मागे राखणीला असलेली टेसा एकटी सापडली, आणि खाडकन गोल. दोन-दोन.

शैलेंद्रला लख्ख कळलं. नऊ वर्षं हेच चाललं होतं, आणि ते आपणच लावलं होतं! मुलगी बर्फावर आणि तिचं डोकं इथे, तिसऱ्या रांगेत, आपल्या खिशात. अरे देवा.

कोचबाईंनी नैनाला बसवलं आणि पहिल्या लाइनबरोबर केलिनला उतरवलं. बाकावर नैना मान खाली घालून बसली. मग पुन्हा हळूच वर बघितलं तिने.

"हात काढू का बाहेर?" शैलेंद्र कुजबुजला. "एकदाच. घाबरलीये गं ती."

"ऊठ," सीमा म्हणाली.

"काय?"

"तू इथे बसलास तर ती बघत राहणार. हात असोत नसोत. ऊठ आणि जा."

"अगं, आजच ठरणार आहे तिचं! आज जाऊ?"

"आजच जा."

तो उठला. टोपी काढून खिशात घातली आणि बाहेर लॉबीत, स्केटना धार लावायच्या काउंटरशेजारी एक जाडजूड खांब होता, त्याच्या आड उभा राहिला. धूसर काचेतून रिंक दिसत होती, पण आतून तो कुणाला दिसला नसता. धार लावणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, काही हवंय का? शैलेंद्रने नुसती मान हलवली.

सात मिनिटं उरली असताना नैना परत उतरली. फेसऑफ. मान वर. तिसरी रांग, कोपरा, सीमा एकटी. पोरीचा चेहरा खर्रकन उतरला, एवढ्या लांबूनही दिसलं त्याला. ती बघतच राहिली, रेफरीने हटकलं, तरी बघत राहिली. शेवटी रेफरीने तिला रिंगणाबाहेर काढलं आणि तिच्या जागी कडेच्या मॅडीला वाकायला लावलं. ही तर नामुष्कीच. शैलेंद्र खांबावर कपाळ टेकून म्हणाला, "मेलो." धावत आत जावं, टोपी घालावी, दोन्ही हात वर करावे, असं इतकं वाटलं त्याला की दाराच्या मुठीवर हात गेलासुद्धा. पण दार उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा या गृहस्थाचे ब्रेक लागले.

पुढच्या फेसऑफला नैनाने मान वर केली नाही. रागावली होती, जबडा आवळलेला दिसत होता. तिने मॅडीकडे पाहिलं, काहीतरी म्हणाली. पक तिलाही मिळाला नाही आणि समोरचीलाही नाही. पण समोरच्यांच्या गोलमागे घुसून तिने तो उकरून काढला, स्वतः मारला नाही, मॅडीला दिला. मॅडीने घातला. तीन-दोन! शैलेंद्रने ओरडायला तोंड उघडलं आणि हाताने बंद केलं.

शेवटचे अडतीस सेकंद. समोरच्यांनी गोलकीपर काढून सहावी खेळाडू उतरवली. फेसऑफ आपल्या गोलच्या तोंडाशी. हरली की बरोबरी, आणि तिथून पुढे काहीही. कोचबाईंनी केलिनच्या खांद्यावर हात ठेवला, मग काढला, आणि नैनाला पाठवलं.

नैना रिंगणाजवळ आली आणि थांबली. वर बघू नकोस. नको गं माय, वर बघू नकोस.

तिने मागे पाहिलं. काठीने टेसाला दोन पावलं डावीकडे सरकवलं. मॅडीला बोटाने समोरची एक उंच मुलगी दाखवली. गोलकीपरकडे बघून मान हलवली. मग वाकली.

फेसऑफ हरली ती. साफ हरली. पण हरल्याचं दुःख करत उभी राहिली नाही, सरळ गोलपुढे धावली. त्या उंच मुलीला मॅडीने अडवलं होतं, आलेला फटका टेसाच्या पायावर आपटला, कारण टेसा नेमकी तिथेच उभी होती, आणि सुटलेला पक नैनाने काठीने रिंकच्या पार दुसऱ्या टोकाला भिरकावला. भोंगा वाजला.

शैलेंद्र खांबाआड उभा राहून रडला. धारवाल्या म्हाताऱ्याने त्याच्यापुढे टिश्यूचा डबा सरकवला.

वीस मिनिटांनी नैना बॅग ओढत लॉबीत आली. मागे सीमा.

"पहिली लाइन," सीमा म्हणाली. "कोचने आत्ताच सांगितलं."

"शाब्बास गं!" शैलेंद्र पुढे झाला. नैना जागची हलली नाही.

"कुठे होतास तू?"

"इथेच. या खांबामागे."

"I looked for you, Baba. किती वेळ. मला वाटलं तुला काहीतरी झालं. मग मला इतका राग आला ना!"

"मग?"

"मग काय. कुणीच नव्हतं वर. So I looked at them." मग बॅगेचा पट्टा उगाच नीट करत म्हणाली, "स्टेट्सला पण... असाच थांबशील? Please?"

नऊ वर्षांची तिसरी रांग होती. सीमा दुसरीकडे बघत होती.

"थांबेन की," तो म्हणाला. "पण तिथल्या रिंकला खांब असेल ना?"

नैनाने विचार केला. थट्टा करत नव्हती ती.

"नसला तर गाडीत बस," ती म्हणाली.

"बरं," शैलेंद्र म्हणाला.