न उतरलेला पारा

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे, काचेचा, पाऱ्याचा. मंगोलियात, गोबी वाळवंटाच्या कडेला एका तालुक्याच्या दवाखान्यात मी तीस वर्षं काढली. एकदा एका उंटाचा ताप मोजताना त्याने मला गिळलं आणि तिसऱ्या दिवशी मी बरोबर आकडा घेऊनच बाहेर आलो. खोटं वाटत असेल तर उंटाला विचारा! पुढे बटणवाले थर्मामीटर आले, मी खोक्यात पडलो. दवाखान्यातली आया सेवजीद निवृत्त झाली तेव्हा तिने मला आपल्या तंबूत आणलं.

तिचा नवरा जाम्बल शर्यतीचे घोडे तयार करायचा. त्याच्या यकृतात कॅन्सरची गाठ निघाली. उलानबातरच्या डॉक्टरीणबाईंनी मांडीच्या शिरेतून बारीक नळी थेट यकृतापर्यंत नेली, गाठीत औषध सोडलं आणि तिचा रक्तपुरवठा तोडला. घरी पाठवताना बजावलं, "पहिले काही दिवस ताप येईल, तो उतरेल. पण उतरून पुन्हा थंडी वाजून चढला, तर आत पू झाला असेल. त्याच दिवशी या."

ताप उतरला आणि बाराव्या दिवशी पुन्हा चढला. नादाम सणाच्या घोड्यांच्या शर्यती चार दिवसांवर आल्या होत्या. जाम्बलने मला काखेतून काढलं, एकोणचाळीसचा आकडा पाहिला आणि मनगटाला झटका दिला. पारा सरकन खाली! जन्मभर लगाम धरलेलं मनगट ते.

"बघ म्हातारे, छत्तीस! ठणठणीत."

"मग भर उन्हाळ्यात मेंढीचं कातडं पांघरून का बसलाय? दात वाजतायत तुमचे."

"दात नाहीत, टापा आहेत त्या. सराव चाललाय."

सेवजीद हसली. मला हसू आलं नाही. माझ्याच तोंडून खोटं वदवून हा माणूस जीव घालवायला निघाला होता.

संध्याकाळी पुन्हा काख. एकोणचाळीसच्याही वर. त्याने झटकलं. मी पाय रोवले. पुन्हा झटकलं. मी पाऱ्याचा कण न् कण काचेला घट्ट धरला. तिसऱ्या झटक्याला तंबूचे खांब हलले, बाहेरचे घोडे खिंकाळले. पण मी तसूभर खाली आलो नाही.

"अहो, कुणाला मारताय?" सेवजीद दुधाची बादली घेऊन आत आली. तिने मला त्याच्या मुठीतून ओढून उजेडात धरलं.

"बिघडलाय तो. जुनाट झालाय."

"जुनाट तर तुम्हीही झालाय. उठा! गाडी बोलावते."

"आणि माझा करडा घोडा?"

"तो धावेल. त्याला ताप नाही."

यकृतात पूच झाला होता. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून तो बाहेर काढला. "अजून दोन दिवस काढले असते तर..." त्या म्हणाल्या. करडा शेवटून दुसरा आला. ते खाटेवर ऐकून जाम्बलने दोष दिला तो मला!

आता मी सेवजीदच्या झग्यात, तिच्या छातीशी असतो. मित्रांनो, मला पुसून जपून ठेवा, पण मी दाखवलेला आकडा आधी घरच्यांना दाखवा, मगच मला झटका. झटकल्याने मी उतरतो, ताप उतरत नाही.