करकरणारे दार

मित्रांनो, फळीवर ओळीने डबे मांडलेले असतात, त्यांतला सगळ्यात कोपऱ्यातला, पोचे पडलेला डबा म्हणजे मी. मी एक जुना वंगणाचा स्प्रे आहे. अंगावरचा रंग उडाला आहे, तोंडाला लावायची लाल नळी कधीच हरवली आहे. मला हलवले तर पोटात थोडेसे खळखळते. म्हातारपणी एवढे खळखळले तरी पुष्कळ झाले.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याचा डबा, त्यात पातळ तेल आणि वरून कोंबलेला वारा, एवढाच माझा संसार. पट्ट्यावर माझ्यापुढे आणि मागे माझीच भावंडे होती, सगळी एका तोंडावळ्याची. तिथून मी एका दुकानात आलो आणि दुकानातून एका गॅरेजवाल्याच्या हातात पडलो. तोच माझा मालक.

मालकाच्या गॅरेजमध्ये मी जे दिवस काढले, ते माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. गंजून दगड झालेला नट असो, की वर्षानुवर्षे न उघडलेले कुलूप, माझा एक फवारा बसला आणि थोडी वाट पाहिली, की तो मुकाट्याने सुटायचा. पावसात भिजून बंद पडलेली स्कूटर लोक ढकलत आणायचे. मालक तिच्या प्लगच्या टोपीवर मला मारायचा, पाणी हटायचे आणि गाडी खोकत खोकत सुरू व्हायची. गाड्यांच्या दारांना लागलेले डांबराचे डागसुद्धा मी काढायचो. लोक म्हणायचे, "याच्याकडे जादूचा डबा आहे." मी फुगून जायचो. आधीच पोटात वारा, त्यात स्तुतीचा वारा!

पण मालकाचा एक नियम होता. ब्रेकजवळ मला तो कधी फिरकू द्यायचा नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने हट्ट धरला, "अहो, ब्रेक किंचाळतात, मारा की थोडं तेल." मालकाने मला पाठीमागे लपवले आणि म्हणाला, "ज्याचं कामच घासायचं आहे, त्याला गुळगुळीत करायचं नसतं. माणूस मरेल." हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. मालक मात्र विसरला, आणि तेच तुम्हाला सांगायला मी आज बसलो आहे.

एकदा जड जॅक माझ्यावर पडला आणि माझी कूस दबली. गॅरेजमध्ये नवा डबा आला आणि मला घरकामासाठी घरी नेण्यात आले. बाहेरच्या दाराशेजारच्या फळीवर माझी जागा ठरली. घरात माणसे तीनच होती. मालक, त्याची बायको म्हणजे सूनबाई, आणि तात्या. तात्या म्हणजे मालकाचे वडील. त्यांनी बस डेपोत इंजिने दुरुस्त करण्यात जन्म घालवला होता. सूनबाई घरीच शर्ट शिवायची, त्यामुळे दिवसभर तात्या आणि ती असे दोघेच घरात असत.

घरी येऊन मला वाटले होते, आता पेन्शन. कसले काय! मालकाला सुट्टीच्या दिवशी हात शांत ठेवणे जमत नसे. बरण्यांवरची चिकट लेबले त्याने माझ्याकडून काढून घेतली. खुर्चीला चिकटलेले च्युइंग गम मी सोडवले. शेजारच्या पोरीने मेणाच्या खडूने भिंतीवर काढलेला हत्ती मी पुसला, त्याची सोंड अजून थोडी दिसते. फावड्याच्या पात्याला मी लागलो की चिखल चिकटेनासा व्हायचा. सूनबाईने नवऱ्याचे नाव फवारेमहाराज ठेवले होते. "फवारेमहाराज, माझ्या मशीनपासून लांब," ती दटावायची, "कापडाला डाग पडला तर तुम्हीच भरून द्याल." मग दोघे हसायचे. तात्याही हसायचे, पण आपण कशाला हसलो ते त्यांना सांगता आले नसते.

तात्यांचे विसरणे वाढत चालले होते. आधी नावे गेली, मग वार, मग जेवलो की नाही ते. त्यात त्यांचे हातपाय सुजू लागले आणि बोटातली चांदीची अंगठी मांसात रुतली. ती त्यांच्या बायकोने दिलेली अंगठी. बोट निळे पडले तेव्हा मालकाने मलाच हाक मारली. त्याने बोटावर मला अगदी हळू फवारले, अंगठी गोल गोल फिरवली आणि बापाचा हात मांडीवर घेऊन ती इंचाइंचाने सोडवली. नंतर साबणाने हात धुऊन पुसला. एवढ्या मायेने मला कोणी कधी वापरले नव्हते. डॉक्टरांनी सांगितले, अंगठी पुन्हा घालू नका. सूनबाईने ती एका डबीत ठेवून दिली.

आणि तिथून सगळे सुरू झाले. डेपोत इंजिनात हात घालण्याआधी तात्या अंगठी काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवत आणि घरी निघताना परत घालत. उभ्या जन्माची ती सवय. आता बोट रिकामे लागले, की त्यांना एकच वाटे. अंगठी खिळ्यावर राहिली. आणायला हवी. सूनबाई डबी उघडून अंगठी दाखवायची, तर ते म्हणायचे, "ही माझी नाही. माझी डेपोत आहे." आणि अंगावर जुना खाकी कोट चढवून निघायचे.

डेपो बंद पडूनही बरीच वर्षे झाली होती.

पण दार करकरायचे. बाहेरच्या दाराची खालची बिजागरी जुनी होती. दार उघडले की अशी करकर व्हायची, की शेजारचे मांजर दचकून उडी मारायचे. ती करकर ऐकली, की सूनबाई मशीन सोडून धावत यायची. ती कधी ओरडायची नाही. म्हणायची, "तात्या, चहा टाकलाय. पिऊन जा की." मग तात्या म्हणायचे, "बरं बरं, चहा पिऊन जातो," आणि चहा पिता पिता जायचे विसरून जायचे. दिवसातून चार वेळा हेच, कधी जास्तच. मी फळीवरून बघत असे. मला त्या बाईचे कौतुक वाटे.

हे तिने नवऱ्याला मात्र सांगितले नव्हते. कारण एकदा मालकाने तात्यांना बाहेरून कडी लावून ठेवले होते. तात्यांनी दारावर मुठी आपटून आपटून हात काळेनिळे करून घेतले आणि लहान मुलासारखे रडले. तिने मनाशी ठरवले, पुन्हा कडी नाही. रोजचे हे पळणे नवऱ्याला कळले, तर तो काळजीपोटी कडी लावेल. त्यापेक्षा दार वाजते आहे आणि आपले कान शाबूत आहेत, तेवढे पुरे. स्वतःची झोप मोडून ती सगळ्या घराची काळजी एकटीच वाहत राहिली.

एका रविवारी मालकाने पाहिले, की सूनबाई मशीनवरच डोके टेकून झोपली आहे. तेवढ्यात वाऱ्याने दार हलले. करकर झाली आणि ती ताडकन उठून बसली. डोळे लाल, चेहरा पांढराफटक.  मालकाला वाटले, या मेल्या दारामुळे हिला घडीभर झोप मिळत नाही. सूनबाई शिवलेले शर्ट पोचवायला बाहेर गेली, तेव्हा त्याने मला उचलले आणि बिजागरीवर वर, खाली, मध्ये, पुन्हा वर असे फवारले. दार पुढेमागे हलवले. आवाज नाही. तो खूश होऊन माझ्यावर टिचकी मारून म्हणाला, "शाब्बास. आता झोपू दे तिला."

तिला तो काही बोलला नाही. आपोआप कळेल, अशी त्याची कल्पना. सूनबाई दोन्ही हातांत कापडाचे गठ्ठे घेऊन परत आली तेव्हा दार मालकानेच उघडले, आणि रेडिओ मोठ्याने लागला होता. तिच्या काही लक्षात आले नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आले होते आणि गारठा पडला होता. मालक सकाळीच गॅरेजला गेला. दुपारी तात्या पलंगावर पडले होते. सूनबाई त्यांच्या अंगावर पांघरूण घालून म्हणाली, "तात्या, मी जरा डोळे मिटते हं." ती निर्धास्त होती. दार होते ना राखणीला.

तात्या उठले. त्यांनी बोट चाचपले. खाकी कोट घातला, बटणे एकेक करून लावली आणि दाराशी आले. ते माझ्यापासून हातभर अंतरावर होते. दार उघडले, अगदी लोण्यातून सुरी जावी तसे. मित्रांनो, पत्र्याचा डबा फरशीवर पडला तर किती आवाज होतो! पण वस्तूला नुसते पडायचे असले, तरी कोणीतरी पाडावे लागते. दार उघडेच राहिले. गार वारा आत येत होता आणि सूनबाई कितीतरी महिन्यांनी गाढ झोपली होती.

ती थंडीने कुडकुडत जागी झाली, तेव्हा उजेड कमी झाला होता. मी तिचा चेहरा पाहिला आहे. ती अनवाणी धावत सुटली. मग मालक आला, शेजारी आले, बॅटऱ्या आल्या. डेपो हा शब्द सूनबाईच्या तोंडून निघेपर्यंत बराच वेळ गेला होता, कारण आधी सगळे तिला एकच विचारत होते, झोपलीसच कशी? आणि जुन्या डेपोच्या जागी आता एकच पडकी भिंत उरली होती, तीही झुडपांत. अंधारात ती कोणाला सापडली नाही.

तात्या सकाळी सापडले. भिंतीच्या पायथ्याशी, अंग आखडून, कोट पावसाने चिंब. बोटांची टोके सोलली होती. ते रात्रभर विटांवरून हात फिरवत खिळा शोधत होते.

दुखवट्याला माणसे घरी येऊ लागली. तात्यांची बहीण आली, मालकाची आत्या. ती सूनबाईकडे न बघता सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "माझ्या दादानं दाराबाहेर पाय ठेवला आणि घरातलं माणूस दिवसाढवळ्या घोरत होतं म्हणे."

सूनबाई खाली मान घालून बसली होती. ती एवढेच म्हणाली, "दार वाजलंच नाही हो, आत्या."

"दाराला काय झालं न वाजायला?" आत्या म्हणाली. "म्हणे दार वाजलं नाही! नाचता येईना, अंगण वाकडं."

कोणीतरी हं म्हणाले. सूनबाई उठली, सगळ्यांसमोर दारापाशी गेली आणि तिने ते उघडले. मिटले. पुन्हा उघडले. आवाज नाही. ती बिजागरीकडे बघतच राहिली, जणू बिजागरीने तिला दगा दिला होता.

मालक जागचा उठला. त्याने मला फळीवरून काढले आणि सगळ्यांच्या मध्ये जमिनीवर ठेवले. 

"हिला बोलू नकोस," तो म्हणाला. "मी तेल मारलं. हिला झोप लागावी म्हणून. दार वाजलं की ही उठते, एवढंच पाहिलं मी. का उठते ते पाहिलं नाही." मग त्याचा आवाज फुटला. "ब्रेकवर तेल मारलं मी, आत्या. मी! रोज दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारा मी."

 आत्याने पदर तोंडाला लावला. सूनबाई दारातूनच म्हणाली, "मला विचारायचंत तरी."

"तू सांगायचंस तरी," मालक म्हणाला.

त्या दोघांत भांडण झाले नाही. झाले असते तर बरे झाले असते, असे मला वाटते. पुढे कित्येक दिवस त्या घरात पाणी हवे का, दिवा मालवू का, यापलीकडे शब्द नव्हता. एका दुपारी मालक रॉकेलची बाटली घेऊन आला आणि बिजागरी धूत बसला. मग तिच्यावर मिठाचे पाणी ओतले. तिला गंज चढावा, ती पुन्हा ओरडावी म्हणून. गंज सोडवण्यात ज्याचे हात झिजले, तो माणूस गुडघ्यांवर बसून गंजाची आळवणी करत होता. बिजागरी काही बोलली नाही.

मला कोणी फेकले नाही, कोणी हातही लावला नाही. माझ्यावर धूळ साचली. मला वापरणारा चुकला, मी नव्हे, असे मी स्वतःला सांगून पाहिले. पण त्याने माझेही मन भरत नाही.

एक अख्खा पावसाळा गेला. दमट हवा आत शिरली, मिठाने आपले काम हळूहळू केले. एका दुपारी सूनबाई मशीनवर बसली होती. मालक जेवायला घरी येत होता. त्याने बाहेरून दार ढकलले आणि बिजागरी करकरली. बारीकच, पण तीच करकर.

सूनबाई शिवण तशीच टाकून धावत आली. "तात्या, चहा टाक..." आणि ती दारात थांबली.

समोर मालक उभा होता. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग मालक दाराला कपाळ टेकवून रडला. सूनबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने त्याने फळीकडे पाहिले आणि दबल्या आवाजात विचारले, "बंद करू का गं आवाज? तुला त्रास होईल." त्याने विचारले, मित्रांनो. या वेळी त्याने विचारले.

"राहू दे," ती म्हणाली. "वाजू दे."

तिने डबीतून चांदीची अंगठी काढली. मालकाने दाराशेजारी एक खिळा ठोकला आणि ती त्याला अडकवली. ती माझ्या फळीच्या अगदी जवळ आहे. दार उघडले की थोडीशी हलते.

मित्रांनो, मला जरूर वापरा. गंजलेली कुलुपे आहेत, अडकलेल्या चेन आहेत, भिंतीवरचे हत्ती आहेत, कामाला तोटा नाही. पण घरातली एखादी करकर बंद करायला मला उचलाल, तेव्हा आधी घरातल्या माणसाला विचारा, हा आवाज तुला कशासाठी तरी लागतो का? आणि तुम्ही एखाद्या आवाजावर विसंबून कोणाला सांभाळत असाल, तर ते दुसऱ्याला सांगा. विचारायला आणि सांगायला तेल लागत नाही.

माझ्या पोटात अजून दोन-तीन फवारे शिल्लक आहेत. ते तसेच राहिले तरी माझी काही तक्रार नाही.