‘बाहेर पडा’च्या जागी

...तो दिवा. पेनड्राइव्हच्या बुडाशी, मोहरीएवढा, निळा. लुकलुकतोय म्हणजे आत काम चाललंय, आणि काम चाललंय तोवर कशाला हात लावायचा नाही, एवढं तिला आता अनुभवानं कळलं होतं. तरी तिचं बोट आपलं टेबलाच्या कडेवरून सरकत होतंच, प्रूफातली ओळ धरल्यासारखं. लॅपटॉप बारा वर्षांचा. दुरुस्तीवाल्यानं उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला होता, “बाई, याला आता सुखानं जाऊ द्या.” जाऊ द्या म्हणे! वय झालं म्हणून कुणी लगेच जात नाही, त्याला झेपेल एवढंच ओझं द्यायचं असतं. मग वाचनालयाच्या फळ्यावरचा एक कागद वाचून, तीन दिवस झटापट करून, तिनं त्याच्यात ही दुसरी सिस्टिम घातली होती — हलकी, फुकटची, कुणा एकाच्या मालकीची नसलेली, आणि म्हणून ज्याला वाटेल त्यानं उघडून डागडुजी करावी अशी. आज त्या सिस्टिमचीच नवी आवृत्ती चढत होती, चाचणीची.

पहिल्या आठवड्यात तिनं नुसता धुमाकूळ घातला होता. पडद्यावरची खालची पट्टी उचलून डाव्या हाताला उभी केली, समासासारखी. अक्षरं मोठी केली. मागचा रंग जुन्या कागदाचा. नको ती चित्रं सरळ काढून टाकली... आणि कुणी रागावलं नाही! चौतीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली, पण खुर्ची कधी तिच्या उंचीची मिळाली नाही. पाय लोंबकळायचे, संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे यायचे. बदलून मागावी हे मला तेव्हा सुचलं कसं नाही?

सगळं मनासारखं झालं, एक बटण सोडून. काम संपवून निघायचं ते बटण. त्याच्यावर लिहिलं होतं, ‘बाहेर पडा’. घरमालकानं बखोट धरून काढावं तसं. रोज ते दाबताना तिचं डोकं फिरायचं. शेवटी ही सिस्टिम मराठीत आणणाऱ्या मंडळींना तिनं चांगलं खरमरीत पत्र लिहिलं, आणि एका ओळीत उत्तर आलं: चूक दाखवलीत, आभार; आता तुमचा शब्द द्या.

माझा शब्द... ती गडबडलीच. वेलांट्या, उकार, अनुस्वार, सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं. शब्द मात्र दुसऱ्यांचे. लेखकाचं वाक्य लंगडत असलं तरी त्याला हात लावायचा नाही, समासात प्रश्नचिन्ह करून गप्प बसायचं. छापलेल्या पुस्तकात तिचं काय असायचं? काही नाही. फार तर एखादी चूक निसटायची, आणि तीही मूळची लेखकाचीच. तीन दिवस तिला धड जेवण गेलं नाही. मग तिनं लिहिलं: ‘येतो’. कारण घरातून निघताना आपल्यात कुणी ‘जातो’ म्हणत नाही. त्यांनी तो शब्द घेतला. आज संध्याकाळी सहापर्यंत काय ते बदल. नंतर आवृत्ती पक्की, आणि कोणकोणाच्या टेबलावर जाईल ती जाईल.

दिवा थांबला. पडदा उजळला. तिनं कोपऱ्यातली यादी उघडली आणि तिथं, तळाशी, तिचा शब्द होता. दोन अक्षरं. तिला इतका आनंद झाला की तो एकटीला पेलेना.

“अहो, जरा इकडे या.”

नवरा हात पुसत आला. जन्मभर बस चालवलेला माणूस. कुठलीही गोष्ट आधी नीट बघणार, मग बोलणार. त्यानं चष्मा वर केला. “येतो. वा. दाबू?”

“दाबा.”

सगळं अदबीनं मिटलं. “छान निरोप दिला,” तो म्हणाला. “आता तू दाब.”

तिनं पुन्हा सुरू केलं, यादी उघडली, आणि खांद्यामागून तो शांतपणे म्हणाला, “अगं, पण तू ‘येतो’ कशी म्हणशील?”

...तिचं बोट तिथंच राहिलं. येतो. मी. मी येतो. चौतीस वर्षांची नजर, आणि स्वतःच बाई असल्याचं विसरली! ‘येते’ करावं तर मग यांनी काय म्हणायचं? दोन्ही लिहून मध्ये तिरकी रेघ — असं कुणी बोलतं का कधी?

“‘निघू या’?” तिनं विचारलं.

“ते सहलीला निघाल्यासारखं वाटतं. आमचा कंडक्टर दोनदा घंटा मारायचा, बस्स. शब्दाची भानगडच नाही.”

“बटणावर घंटा कशी लिहू?”

“तो तुझा प्रश्न,” म्हणून तो गेला.

सव्वातीन वाजले होते. गप्प बसलं तर शब्द राहील. सांगितलं तर ती मंडळी कदाचित पुन्हा ‘बाहेर पडा’ लावतील, आणि आयुष्यात एकदाच जमलेलं हातचं जाईल. मग तिनं पत्र उघडलं — चुका दाखवायची ही खोड काही जायची नाही — आणि लिहिलं: ‘माझ्या शब्दात चूक आहे.’

सवयीनं तिनं ओळ वाचून पाहिली. माझ्या शब्दात. आणि पोटातून कुठून तरी हसू वर यायला लागलं. आजवर तिनं हजारो चुका धरल्या होत्या. आज पहिल्यांदा कुणीतरी तिची धरली होती, कारण पहिल्यांदाच धरण्याजोगं काहीतरी तिनं लिहिलं होतं.

“काय झालं गं?” आतून आवाज आला.

“चुकले हो मी,” ती म्हणाली, आणि पुन्हा हसली.

पत्र अजून धाडलं नव्हतं. दुसरा शब्द सुचला नव्हता, सुचेलच असंही नव्हतं. तिनं ‘माझ्या’ पुन्हा एकदा वाचलं; त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.