आठवनीचा न

हे मी तोंडी सांगून राहिले अन् माझी भाची रूपाली टाईप करून राहिली, म्हणून यातले सगळे ण जागच्या जागी हायत. माझ्या हातनं लिहिलं असतं तर एकबी दिसला नसता. अक्षर माझं मोत्याच्या दाण्यासारखं, ते सातवीच्या मास्तरांनी भर वर्गात सांगितलेलं हाय. पण ण तोंडातच येत न्हाई तर हातात कुठून येणार? मास्तरांनी दोन छड्या मोडल्या अन् मग नाद सोडला.

रूपाली म्हणजे माझ्या भावाची, वैजनाथची पोरगी. निलंग्याला असते. लॅपटॉपवर काडीसारख्या पेनानं फुलं, वेली, चौकटी, पाखरं काढते अन् इंटरनेटवर विकायला ठेवते. लोक ती विकत घेतात, जाड कागदावर छापतात, कात्रीनं कापतात, गोंदानं चिकटवतात, वरनं लेस लावतात अन् म्हणतात, हे बघा, आम्ही हातानं कार्ड केलं, हातानं स्क्रॅपबुक केलं. फूल रूपालीचं, रंग प्रिंटरचा अन् कौतुक कात्रीवालीचं! आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या याच.

दोन वर्षांमागं मी रेणापूरहून माहेरी आले होते तेव्हा तिनं माझ्यापुढं कोरे कागद ठेवले. म्हणली, "आत्या, तुझ्या अक्षरात चार शब्द लिहून दे. लाडकी, जिव्हाळा, शुभेच्छा, आठवणी." मी दिले लिहून. तिनं फोटो काढले. कशाला ते मी विचारलं न्हाई. पोरीच्या जातीला कधी कशाचं कौतुक वाटंल सांगता येत न्हाई.

आता माझ्या वहिनीचं ऐका. पोरगी लॅपटॉपवर काम करते हे सांगायची तिला लाज. "लोक म्हणतील, दिवसभर कम्प्युटरवर बसते, घरकाम काय करणार?" म्हणून बायोडाटात लिहिलं, छंद: हस्तकला. वहिनीला बघायला आम्ही गेलो होतो तेव्हा तिच्या घरी कपाटात मण्यांचा राजहंस मांडला होता, तो शेजारणीचा निघाला. लग्नानंतर माझ्या आईनं तसलाच दुसरा करायला सांगितला तेव्हा ही बाई आठ दिवस माहेरी जाऊन बसली. पण खोड जाते का?

तर लातूरचं स्थळ आलं. मुलगा संगमेश, औषधाचं दुकान. उदगीरच्या एका लग्नात दोघांनी एकमेकांना बघितलं होतं, फोनवर दोनदा बोलणंबी झालं होतं. मी मदतीला आले तर रूपालीनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"आत्या, मुलगा मला पसंत हाय. लई पसंत हाय. पण लॅपटॉप सोडावा लागला तर मी जाणार न्हाई. अन् आईनं शपथ घातलीय, लॅपटॉपचं नाव काढायचं न्हाई म्हणून."

"मग लग्नानंतर कधी सांगणार? राजहंसासारखं?"

ती हसली न्हाई. डोळे भरले होते पोरीचे.

पाव्हण्यांना दाखवायला स्क्रॅपबुक करायचं ठरलं, कारण मुलाची आई उमादेवी म्हणजे लातुरातली हस्तकलेची मोठी बाई. तिचा वर्ग चालतो, भिंतभर प्रमाणपत्रं हायत म्हणे. रूपालीनं आपलीच डिझाईनं छापून आणली अन् कापायला बसली. वहिनी डोक्यावर उभी.

"अगं, एवढं सरळ कापू नको! मशीनचं वाटून राहिलंय. जरा वाकडं काप."

पोरगी वाकडं कापू लागली.

"आता गोंद थोडा बाहेर येऊ दे. हातानं केल्यासारखं दिसलं पाहिजे."

"आई, हातानंच करून राहिले."

"असशील. पण दिसलं पाहिजे ना!"

पाव्हणे आले, मुलगा अन् त्याचे आई-बाप. हात जोडून शरणार्थ झालं, पाणी झालं, सुशीला झाला. चुरमुऱ्याचा सुशीला मी केला होता, तो रूपालीनं केला म्हणून सांगण्यात आलं. संगमेश गडी शांत, मान खाली घालून खात होता अन् मधूनच पोरीकडं बघत होता. उमादेवी मात्र निलंग्यात येऊन पुण्याचं बोलत होती. "आहे", "नाही", "छान आहे हं". बाईचं माहेर लोह्याचं. पण लातूरच्या वर्गात बोलून बोलून जिभेला इस्त्री झालेली.

स्क्रॅपबुक तिच्या हातात दिलं. तिनं पान उघडलं, नखानं घासलं, डोळ्याजवळ नेलं, अन् वासबी घेतला. भाजी घेताना मी एवढं करत न्हाई.

"हे छापील आहे," ती म्हणली.

वहिनीचा चेहरा पडला. "न्हाई जी, पोरीनं सगळं हातानं..."

"कापलंय हातानं. पण मूळ कम्प्युटरचं. मला कळतं हो, वीस वर्षं यात गेली माझी. यंत्राला भावना नसतात, उमज नसते. आमच्या घरात असलं चालणार नाही. लग्नानंतर मुलीनं माझ्या वर्गात यावं, कागद, रंग, ब्रश हातात धरावा. कम्प्युटरला हात लावायचा नाही."

रूपालीनं ओठ दाबले. तेवढ्यात या बाईनं पिशवीतनं आपलं स्क्रॅपबुक काढलं. "हे बघा, खरी हस्तकला."

आम्ही बघितलं. पहिल्या पानावर काटेरी पानांची पिवळी-केशरी फुलं. "हे विलायतेतलं डोंगरातलं फूल," उमादेवी म्हणली. "आपल्याकडे मिळत नाही. मी मनानं काढलंय." विलायतेतलं कुठलं? करडई होती ती! आमच्या नदीकाठच्या रानातली करडई. हिवाळ्यात रूपालीनं बांधावर बसून तिचेच फोटो काढले होते अन् काटे टोचले म्हणून वैजनाथच्या नावानं ओरडत आली होती. मी रूपालीकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती.

मग दुसरं पान उघडलं, अन् मी पुढंच सरकले. मधोमध, ऐटीत, वेलांटीला झोका देऊन लिहिलं होतं: आठवनी.

माझं अक्षर! माझा ठ, खाली गाठ मारलेला. माझी वेलांटी. अन् माझा न!

"अक्षरसुद्धा माझंच," उमादेवी म्हणली. "रोज पहाटे उठून सराव करते. वर्गातल्या सगळ्या मुली हेच गिरवतात. लातुरात कितीतरी घरांच्या भिंतींवर आहे."

म्हणजे माझी चूक अख्ख्या लातुरात चौकटीत लावून ठेवली हाय! मास्तर असते तर त्यांना दाखवलं असतं. माझ्या जिभेच्या टोकावर शब्द आला, तेवढ्यात रूपालीनं माझ्या पायावर पाय दिला. तिच्या डोळ्यात एकच होतं, आत्या, मोडू नको. मी गिळलं. माझ्यासारखीनं गिळलं म्हणजे काय ते आमच्या घरच्यांना विचारा.

पण बाई थांबंल तर ना! "मुलीचं अक्षर बघू. अक्षर म्हणजे माणूस." जुनी चाल काढली. कागद-पेन आलं. रूपालीनं आपलं नाव लिहिलं. पोरगी चित्रं काढते सोन्यासारखी, पण अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातनं गेलेली. उमादेवीनं कागद दोन बोटांत उचलला अन् नवऱ्याकडं बघून नुसती हसली. संगमेशला ते आवडलं न्हाई. "आई, राहू दे ना," तो म्हणला.

"राहू दे कसं? घरात येणारी मुलगी. घराण्यात कुणाचं तरी अक्षर असावं लागतं."

अन् आमची वहिनी, देव तिला सुखी ठेवो, पटकन बोलून गेली, "हाय ना जी! आमच्या वन्संचं लई झकास हाय."

"असं? मग लिहा की," उमादेवीनं पेन माझ्यापुढं धरलं.

रूपालीनं पुन्हा पाय दाबला. पण आता मी काय करू? बोलायचं न्हाई ठरवलं होतं, लिहायचं न्हाई असं ठरलं नव्हतं. पोरीच्या सगळ्या जन्माचं काम ही बाई वासावरनं फेकून देते, अन् तेच काम पिशवीत घालून फिरते! मी पेन घेतलं अन् एक शब्द लिहिला.

आठवनी.

उमादेवीनं वाचलं. मास्तरीण जागी झाली. "अहो, ण चुकला तुमचा."

"चुकला खरा," मी म्हणलं. "तुमच्याबी पुस्तकात तोच चुकलाय."

संगमेशनं माझा कागद उचलला अन् आईच्या पानाशेजारी ठेवला. तीच गाठ, तीच वेलांटी, तोच न. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आईकडं, अन् मग रूपालीकडं बघत राहिला.

वहिनीनं पदर तोंडाला लावला. वैजनाथ म्हणला, "महानंदे, हे काय केलंस?" मला वाटलं, झालं, मोडलं. माझ्या जिभेनं न्हाई तर हातानं मोडलं.

तेव्हा रूपाली बोलली. शपथ-बिपथ बाजूला ठेवली.

"ती डिझाईनं माझी हायत, काकू. मी लॅपटॉपवर काढते, तुम्ही विकत घेतली असतील. अक्षर आत्याचं अन् ते फूल करडईचं. आमच्या शेतातली. चोरी केली असं मी म्हणत न्हाई, विकायलाच ठेवली होती. पण लॅपटॉप मी सोडणार न्हाई. हे आधी सांगायला पाहिजे होतं."

उमादेवीनं आपलं स्क्रॅपबुक मिटलं, पुन्हा उघडलं, करडईवर बोट फिरवलं. तिच्या डोक्यात हिशेब चाललेला मला बाहेरनं दिसत होता. ज्या विहिरीचं पाणी ती विकत आणत होती ती विहीरच सून होऊन यायला तयार होती.

"मुलगी पसंत आहे," ती म्हणली. "मानपान, आहेर, काही नको. लॅपटॉप तेवढा संग घेऊन यायचा."

"पण भावना, उमज?" मी विचारलं. वैजनाथनं मला कोपरानं ढोसलं.

"आणते," रूपाली म्हणली. "पण वर्गात माझं पान वापरलं की पानाखाली माझं नाव टाकायचं."

"नाव?" उमादेवी दचकली. "नाव टाकलं तर मग हातानं केलं असं म्हणायचं कसं?"

"हात तर आत्यांचा आहेच की, आई," संगमेश म्हणला, अन् पहिल्यांदा मोकळा हसला. त्याच घडीला मला तो जावई म्हणून पटला.

उमादेवीनं थंड झालेल्या सुशील्याचे दोन घास खाल्ले. पाणी प्यायली. मग रूपालीच्या जवळ सरकली अन् हळूच म्हणली, "तेवढा ण नीट करून दे बाई. सगळ्या पोरी गिरवून राहिल्यात गं." जिभेची इस्त्री पार मोडली होती.

"आधी खाली माझं नाव, मग वर ण."

बाईनं लांब श्वास घेतला. "बारीक अक्षरात चालंल का?"

"आत्याच्या अक्षरात," रूपाली म्हणली.

माझ्यापुढं पुन्हा कोरा कागद आला. मी पेन घेतलं, अन् मनात म्हणलं, बरं झालं, या पोरीच्या नावात ण न्हाई.