किसनभाऊ, टोपी!

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. जुना म्हणजे भंगार नव्हे. हा फरक ज्याला कळत नाही त्याने पुढे वाचूच नये. आणि लोक मला 'तो' म्हणतात, पण मी बाईमाणूस आहे. एका घराचं पन्नास वर्षांचं सगळं बघायचं, पोटात ठेवायचं आणि वेळ आली की ज्याचं त्याला दाखवायचं, हे काम पुरुषाला जमतं का?

माझा जन्म जपानचा. बोटीने मुंबईला आले आणि तिथून उल्हासनगरच्या कॅम्पात, हिरानंद शेठच्या दुकानात. तिथे काचेआड बसून मी येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघायची. एक दिवस अंबरनाथहून किसन आला. मोरिवलीत राहायचा, कारखान्यात फिटर होता. मशीनवरचं तेल नखात बसलेलं. पण मला उचलून घेतलं ते दोन्ही हातांनी, तान्ह्या पोराला घेतात तसं. हिरानंद म्हणाला, "साईं, ये लडकी संभाल के रखना." किसनने सांभाळलं. अगदी शेवटपर्यंत.

आता माझी एक खोड सांगते, कारण पुढची सगळी भानगड त्या खोडीमुळे झाली. माझी बघायची खिडकी वेगळी आणि फोटो उतरवणारं भिंग वेगळं. भिंगावरची टोपी काढायची राहिली तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. बटण दाबलं की टिक् वाजतंही. आत फिल्म मात्र कोरीच्या कोरी.

किसनचा पहिलाच रोल असा गेला. नवी नवरी द्रौपदी, तिला लग्नातल्या साडीत नळाशेजारी उभी केली, दारात उभी केली, बाजेवर बसवली. रोल धुऊन आला तेव्हा द्रौपदी त्याला म्हणाली, "दुपारभर उन्हात उभी केलीत मला. आणि काढलंत काय? आतला अंधार?"

त्याच दिवशी तिने निळ्या सुताचा दोरा घेतला आणि माझी टोपी पट्ट्याला बांधून टाकली. वर नियम केला. ज्याचा फोटो काढायचा, त्याने आधी मोठ्याने ओरडायचं, "किसनभाऊ, टोपी!" सगळ्या वस्तीने तो नियम पाळला. पोरं ओरडायची, नवऱ्यामुली लाजत लाजत ओरडायच्या. विहारात आलेले भंतेजीसुद्धा एकदा हळूच म्हणाले, "किसन, टोपी." आणि सगळी वस्ती खो खो हसली. म्हणून मित्रांनो, मोरिवलीतल्या त्या काळच्या फोटोंत सगळ्यांचे दात दिसतात.

आणखी एक रीत होती. घरातली मुलगी सासरी निघाली की उंबऱ्यावर तिचा एक फोटो, माझ्याच भिंगातून. किसनच्या दोन बहिणी तशा भिंतीवर गेल्या. त्याची मुलगी शीला गेली. शीलाच्या शेजारी द्रौपदीने एक खिळा रिकामा ठोकून ठेवला होता. तो नातीसाठी, यशोधरेसाठी.

किसन गेला तेव्हा यशोधरा शाळेत होती. द्रौपदीने मला त्याच्या खाकी शर्टात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. मी तक्रार केली नाही. दुःखात माणूस वस्तू झाकून ठेवतो, ते मला कळतं. अपमान मात्र कळत नाही. तो मी मोजून ठेवते.

अपमान केला आकाशने. यशोधरेचा हा थोरला भाऊ. बदलापूरला खरवईत त्याने स्टुडिओ काढला आणि नवी कॅमेरा-बाई घरात आणली. फुल फ्रेम म्हणे, मिररलेस म्हणे. मला ट्रंकेतून काढलं तेव्हा वाटलं, पोराला आजोबांची आठवण झाली. कसली आठवण! मला शोपीस केलं. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी यायची, त्यांच्या हातात मला द्यायचं. एका नवरदेवाने मला उलटं धरलं, मित्रांनो. भिंग स्वतःच्या तोंडाकडे, आणि आकाश म्हणतो, "मस्त! असंच धर."

एके दिवशी त्याला माझा निळा दोरा खटकला. "हे काय गंडादोरा बांधल्यासारखं? फ्रेममध्ये घाण दिसतंय." कात्री घेतली आणि कापला. टोपी माझ्या तोंडावर गच्च दाबून बसवली.

द्रौपदी तिथेच खुर्चीवर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कात्रीचा आवाज तिला बरोबर कळला.

"काय कापलंस रे?"

"दोरा, आजी. जुना झाला होता."

"जुनी तर मीपण झाले."

आकाश हसला. मी नाही हसले. मी त्या दिवशी ठरवलं, या कात्रीचा हिशेब होणार.

रात्री मी आणि ती नवी एकाच कपाटात. तिची जीभ तिच्या बॅटरीएवढीच, लवकर गरम होणारी. "आजीबाई, मी माणसाचे डोळे स्वतः शोधते. अंधारात बघते. एका लग्नात तीन हजार फोटो काढते. तुम्ही किती, छत्तीस?"

खोटं कशाला बोलू, ती बघते चांगलं. काढल्या काढल्या दाखवते. मी दाखवायला आठ दिवस लावते आणि माझ्या खिडकीतल्या दोन सावल्या एकावर एक आणून बसवल्याशिवाय चेहरा स्पष्ट उमटत नाही. पण मी तिला विचारलं, "बाई, तुझे ते तीन हजार आता कुठे आहेत?"

"हार्ड डिस्कमध्ये."

"आणि भिंतीवर किती?"

ती लगेच मेगापिक्सेल मोजायला लागली. तिची एक गोष्ट मात्र मी नीट लक्षात ठेवली. तिच्या भिंगावर टोपी राहिली तर तिचा पडदाच काळा पडतो, आकाशला लगेच कळतं. म्हणजे टोपी बघायची सवय त्या पोराला नव्हतीच. मी वाट बघायला लागले. वाट बघण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

यशोधरेचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा, हॉल बदलापुरात कुळगावला. द्रौपदीने एकच मागणं मागितलं. "यशोचा फोटो तुझ्या आजोबाच्या कॅमेऱ्यातूनच. खिळा वाट बघतोय." आकाश आधी कटकटला, मग त्याचे डोळे चमकले. आजोबांचा कॅमेरा, नातीचं लग्न, बघणारी आजी: रील भारी होईल! मला उल्हासनगरला नेलं. हिरानंद आता पार थकलाय, पण त्याने मला ओळखलं. पुसलं, तेल दिलं, रोल भरून दिला. "बेटा, इसका धागा कहाँ गया? टोपी का ध्यान रखना."

"अंकल, मी प्रोफेशनल आहे," आकाश म्हणाला. मी मनात म्हटलं, झालं. आता तुला कोणी वाचवत नाही.

लग्नाच्या दिवशी हॉल भरला. समोर दोन प्रतिमा, मेणबत्त्या, पांढऱ्या साडीत यशोधरा. आकाशने नवी कॅमेरा-बाई मित्राच्या हातात दिली, मला स्वतःच्या डोळ्याला लावलं. मित्र त्याचं शूटिंग करत होता. द्रौपदी पुढच्याच खुर्चीवर होती. मला उचलल्याचं तिला जाणवलं आणि पन्नास वर्षांच्या सवयीने तिने तोंड उघडलं, "टो..."

"आजी, श्श! रील चालू आहे. तुझा आवाज येतोय मध्ये."

द्रौपदी गप्प झाली. जी बाई कारखान्याच्या मुकादमाला गप्प करायची, ती गप्प झाली, मित्रांनो. पदराचं टोक हातात घेऊन बसली.

मग मीही गप्प बसले. त्रिशरण झालं, टिक्. हार घातले, टिक्. फुलं उधळली, टिक्, टिक्, टिक्. आकाश खिडकीतून बघून खूश. "काय फ्रेम आहे यार!" काढ बाळा, म्हटलं, काढ. तुझ्या कात्रीची एकेक फ्रेम मोजून घेते. पस्तीस झाल्या. असं गोड मला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं.

शेवटी मुलगी निघाली. गाडी दाराशी लागली. आकाशने मला द्रौपदीच्या हातात दिलं. "आजी, कॅमेरा धरून यशोकडे बघ. हा रीलचा शेवटचा शॉट." तिने मला दोन्ही हातांनी घेतलं, किसन घ्यायचा तसं. तिचा अंगठा पुढे सरकला. भिंग चाचपलं. थांबला. पुन्हा चाचपलं.

"आकाश," ती म्हणाली, "तुझी रील झाली का?"

"झाली आजी."

"मग आता मी बोलू?"

"बोल ना."

"टोपी!"

काय आवाज तो! हॉलमधल्या ताटवाट्या थांबल्या. मागे बसलेले रामभाऊ, किसनचे कारखान्यातले सोबती, खुर्चीवरून उठले. "अरे देवा! टोपी काढलीच नाही पोराने! आख्खं लग्न कोरं!" मोरिवलीची म्हातारी मंडळी हसायला लागली. आकाशचं तोंड असं झालं की तो फोटो मला हवा होता. आणि मित्राने रील अजून बंद केली नव्हती. सगळं तीत उतरलं, आवाजासकट.

मी जिंकले. पण द्रौपदीचा अंगठा अजून माझ्या टोपीवरच होता. "एकच तर मागितलं होतं," ती हळू म्हणाली. तेव्हा मला समजलं. खिडकी आकाशची, भिंग माझा डोळा. टोपी तोंडावर घेऊन सूड घेत बसले आणि यशोधरेचं लग्न माझ्या पोटात उतरलंच नाही. ज्या द्रौपदीला मी लग्नाच्या साडीपासून आजीपणापर्यंत बघितलं, तिने ठोकलेला खिळाच रिकामा ठेवायला निघाले होते.

यशोधरेनेच वाट काढली. गाडीत ठेवलेला पाय तिने परत घेतला. "दादा, आकडा बघ. एक राहिलाय का?"

"एक राहिलाय," आकाश कसाबसा म्हणाला.

ती हॉलच्या पायरीवर आली, आजीला शेजारी ओढून घेतलं. आकाशने मला डोळ्याला लावलं. त्याचे हात ओले होते. दोन सावल्या एकावर एक आणायला त्याला फार वेळ लागला. पहिल्यांदाच तो पोरगा एका फोटोसाठी एवढा थांबला. द्रौपदी म्हणाली, "आता सगळे म्हणा."

आणि सगळा हॉल ओरडला, "किसनभाऊ, टोपी!" आकाशने टोपी काढली.

टिक्.

तो फोटो आज मोरिवलीच्या भिंतीवर आहे. त्यात दोघींचे दात दिसतात. नवीचे फोटो अजून हार्ड डिस्कमध्ये आहेत, निवडायचे राहिलेत म्हणे. निळा दोरा आकाशने स्वतः आणला आणि आजीसमोर बसून बांधला. तीनदा बांधायला लावला तिने, गाठ सैल म्हणून.

मित्रांनो, जुन्या वस्तूला पुसा, तेल द्या, जागेवर ठेवा, हे तर सगळेच सांगतात. मी एवढंच सांगते, घरातल्या म्हातारीला 'श्श' करू नका. ती काय म्हणणार होती ते आधी ऐका. नाहीतर छत्तीसच्या छत्तीस कोरे जातील आणि खिडकीतून बघताना तुम्हाला सगळं लख्ख दिसत राहील.

आकाशला मी माफ केलं का? अजून विचार करते आहे. दोरा बांधला हे खरं. पण टोपी अजून माझ्याकडेच आहे.