उपवासाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि माझा स्वभाव संशयी आहे. सारा जन्म घट्ट झाकणाखाली गेल्यावर दुसरं काय होणार? संगमनेरच्या बाजारात एका कारागिराने तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, सांध्यांना डाख देऊन मला घडवलं. कोल्हारच्या कडूबाईंनी मला उपवासाच्या साबुदाण्यासाठी घरी आणलं. माझा मान मोठा होता. आंघोळ केल्याशिवाय मला कोणी शिवत नसे.

बाहत्तर साली कडूबाईंच्या पायाला चपलेने जखम झाली, ती काही भरेना. डॉक्टरांनी लघवी तपासली, तर नळीतलं निळं औषध विटकरी झालं. साखरेचा आजार निघाला. जखम चिघळली तर पाय जाईल, असं त्यांनी बजावलं. कडूबाईंनी साखर-गूळ सोडला. देवाची कृपा असावी म्हणून सोमवारच्या जोडीला गुरुवार आणि शनिवारचाही उपवास धरला. तरी पुढच्या खेपेला नळीतलं औषध विटकरीच झालं.

तेव्हा घरात संशय शिरला. सून मालन सासूच्या कालवणात चोरून साखर घालते, असं कडूबाईंनी मनाशी धरलं. त्या साखरेच्या बरणीत बोटाने रेघ ओढून ठेवीत. रेघ मोडत नव्हती, तरी त्यांचा संशय फिटेना.

"आत्याबाई, देवाशप्पत, म्या साखरंला हात लावला न्हाई," मालन रडकुंडीला येऊन म्हणे.

"मग माझ्या अंगात साखर कुठून आली? तू म्हायेरीच जा कशी."

मलाही मालनचाच संशय होता. कडूबाईंनी तिच्या हातचं खाणंच सोडलं. त्या रोज माझ्यातला साबुदाणा काढून स्वतः खिचडी करू लागल्या. मी फुशारून गेलो. पाय मात्र जास्तच सुजला.

मालनचं गाठोडं बांधून झालं होतं. त्याच दिवशी मालनचा नवरा बन्सी आईला डॉक्टरांना दाखवून घरी घेऊन आला.

"आई, डाक्टर काय म्हनला? साबुदाना निस्तं पीठ हाय. पोटात गेलं की त्याची साखरच हुती. भाकर बी मोजकीच खायची. उसळ, भाजी, ताक जास्त."

"पर त्यो गोड कुठं लागतो?" कडूबाई पुटपुटल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस मालनकडे ज्या नजरेने पाहत, तीच ती नजर होती. मला फार लाज वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते आमच्याच घरात घडत होतं.

मग कडूबाई म्हणाल्या, "मालन, त्ये गाठुडं सोड. मला तुझ्या हातची भाकर वाढ. अर्धीच."

मालनने पदराने डोळे पुसले आणि ताटात अर्धी भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी वाढली. औषधपाणी चालूच होतं. जखम सावकाश भरली आणि पाय वाचला.

आता मी फळीवर रिकामा पडून आहे. धूळ बसते, वाईटही वाटतं. पण मित्रांनो, एवढं ऐका. जिभेला गोड लागत नाही, म्हणून कशावरही विश्वास टाकू नका. आणि संशय घ्यायचाच असेल, तर घरच्या माणसांआधी आम्हा डब्यांवर घ्या.