निळसर रुमाल

"अगं बाई, हे निळे कसे झाले?" चष्मेवालीने रुमाल खिडकीशी नेऊन उजेडात धरला. "कंडक्टरबाई, बघा ना! एक नाही, सगळेच!"

शनिवारची दुपार होती. चर्चच्या वेदीमागच्या खोलीत उद्याच्या मिस्साची, म्हणजे रविवारच्या उपासनेची, तयारी चालली होती. कंडक्टरबाई मेणबत्तीच्या दांडीवरचं ओघळलेलं मेण खरवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. रुमाल निळे झालेत हे त्यांना परवाच कळलं होतं. लिंबू चोळून झालं, उन्हात घालून झालं, पण निळाई काही हटेना. शेवटी इस्त्री करून, नीट तिहेरी घड्या घालून त्यांनीच ते खणात सगळ्यात खाली सारले होते. आणि ही बया नेमकी खालूनच उपसायला बसली!

बाईंची उभी हयात बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर वेदीची सेवा करणाऱ्या बायकांचं पुढारीपण आपसूक त्यांच्याकडे आलं, कारण त्यांच्यापुढे बोलणार कोण? "पुढे सरका, दारात गर्दी नको," हे त्या चर्चमध्येही म्हणत. मागच्या बाकांवर बसलेल्यांना तर दंडाला धरून पुढे आणत. फादर हसून म्हणायचे, "बाई, स्वर्गाच्या दारातसुद्धा तुमचीच ड्युटी लावायला हवी."

हे रुमाल म्हणजे मिस्सात फादर ज्याने चषक पुसतात ते. चषकातला द्राक्षारस म्हणजे प्रभूचं रक्त; त्याचा एखादा थेंब त्यात राहिला असेल म्हणून ते आधी साध्या पाण्यात बुडवून ठेवायचे, आणि ते पाणी मोरीत नाही, झाडाच्या मुळाशी ओतायचं. मग धुवायचे, तेही वेगळे. बाईंच्या दारातल्या जास्वंदीला हे पाणी इतकी वर्षं मिळत आलं होतं. पण परवा गुडघा ठणकत होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांनी पिशवी तशीच वॉशिंग मशीनमध्ये उपडी केली आणि वर लेकाचा गॅरेजचा नवाकोरा निळा डगला टाकला. झाकण उघडलं तेव्हा सगळे रुमाल निळे झाले होते. पाणी केव्हाच गटाराला लागलं होतं.

बरं, विसरलं कुणीही असतं. पण नेमक्या याच चुकीपायी बाईंनी बेकरीवालीला वेदीवरून घालवलं होतं. तिच्याकडे रुमाल धुवायची पाळी आली आणि ते तिच्या पिठाच्या अ‍ॅप्रनांबरोबर धुतले गेले. कुणाला पत्ताही लागला नसता. तिने आपण होऊन येऊन सांगितलं, "चुकलं माझं. पहाटेपासून भट्टीपुढे उभी होते, विसरले."

"विसरायला ही काय तुमची बेकरी आहे?" बाई सगळ्यांसमोर कडाडल्या होत्या. "देवाचं रक्त गटारात घालवलंत! असले हात वेदीला लागायला नकोत." तेव्हापासून बेकरीवाली शेवटच्या बाकावर बसत होती. तिला मात्र बाईंनी कधी दंडाला धरून पुढे आणलं नाही.

"पुन्हा तिच्याकडे दिलेत की काय?" चष्मेवालीने विचारलं.

खरं सांगायला एवढी सोपी वेळ पुन्हा मिळणार नव्हती. "नाही गं, माझाच घोळ," एवढं म्हटलं की संपलं. पण जीभ रेटेना.

"दिले होते," बाई म्हणाल्या. "म्हटलं, एकदा संधी द्यावी."

"बाई, तुमचं मन मोठं हो," चष्मेवाली म्हणाली.

बाई मेण खरवडत राहिल्या. दांडी कधीच स्वच्छ झाली होती.

रविवारी मिस्सा सुटल्यावर पायऱ्यांवर नको तेच झालं. चष्मेवाली मनाची वाईट नाही, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिने बेकरीवालीला गाठलंच. "अहो, बाईंनी एवढ्या विश्वासाने पुन्हा रुमाल दिले आणि तुम्ही निळे करून ठेवलेत?"

"कुठले रुमाल?" बेकरीवालीला काही उमजेना. मग तिची नजर दाराशी उभ्या असलेल्या बाईंकडे गेली. बाईंचा चेहरा पाहिला आणि तिला सगळं कळलं. बाईंना वाटलं, आता ही ओरडणार. ओरडू दे! भांडणात त्या कुणाला हार गेल्या नव्हत्या.

"हो का," बेकरीवाली म्हणाली. "चुकलं असेल माझं." पिशवी सावरून ती पायऱ्या उतरून गेली.

बाईंचे कान तापले. आयुष्यात विनातिकीट पकडलेली कितीतरी तोंडं त्यांनी पाहिली होती. आज आपलं तोंड तसं झालंय, हे त्यांना आरशाशिवाय कळलं.

त्या तडक आत गेल्या. फादर मिस्साचा झगा उतरवत होते. "फादर, रुमाल मी निळे केले. आणि नाव तिचं घेतलं."

फादरांनी झगा खुंटीला लावला. "रुमालांचं देव समजून घेईल, बाई. दुसरं मला एकट्याला सांगून कसं चालेल? बाहेर सगळ्या उभ्या आहेत अजून."

बाई बाहेर आल्या. भरल्या बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज, पण समोरच्या चार बायकांपर्यंत पोचेना. "काय म्हणालात?" चष्मेवालीने विचारलं. मग सगळं पुन्हा सांगावं लागलं. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला आणि परत घातला, एवढंच.

संध्याकाळी बाई बेकरीत गेल्या. बेकरीवालीचे हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे होते.

"काय देऊ?"

"काही नको. माफी मागायला आलेय."

"जरा बाजूला व्हा, मागे गिऱ्हाईक आहे."

बाई बाजूला झाल्या. पावाच्या ट्रेंशेजारी अंग चोरून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने दुकान रिकामं झालं.

"तुम्ही 'मी नाही' का म्हणाला नाहीत?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही इतक्या घाबरलेल्या दिसलात, मला काही सुचेचना." तिने फळीवरचं पीठ हाताने गोळा केलं. "तुम्हाला घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं मी."

"मी सगळ्यांना खरं सांगितलंय. परत या वेदीवर. रुमाल तुम्हीच बघा."

"बरं केलंत सांगितलंत. पण मी नाही यायची, बाई."

"अहो, मी हात जोडते."

"नका जोडू. राग नाही माझ्या मनात. पण ते हातांचं बोललात ना, ते जात नाही डोक्यातून. पीठ मळायला घेतलं की रोज आठवतं." ती हे शांतपणे बोलली आणि पुन्हा कामाला लागली. ते हात बघवेनात, म्हणून बाईंनी मान खाली घातली आणि तशाच घरी आल्या.

पुढच्या रविवारी चष्मेवालीने पहिल्या बाकावर बाईंची नेहमीची जागा धरून ठेवली होती. तिने हातानेही खुणावलं. बाईंनी नको म्हणून मान हलवली. त्या दारातच वळल्या आणि शेवटच्या बाकापाशी आल्या. बेकरीवाली कडेला बसली होती. शेजारी तिची पिशवी होती.

"जरा सरकता का?" बाईंनी हळूच विचारलं.

बेकरीवालीने वर पाहिलं नाही. तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि ती थोडी आत सरकली.